तुम्ही विचारलेत म्हणून: मला कधी शंका कशी आली नाही

लग्नाच्या पंगतीत, करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलताना, आणि एकदा तर दवाखान्यात दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला असताना, मला एकच प्रश्न विचारला गेला आहे: एवढ्या थरारकथा वाचणाऱ्या बाईला आपण दत्तक आहोत हे चाळिशी उलटेपर्यंत कळले कसे नाही, कधी साधी शंकासुद्धा कशी आली नाही? विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती गोष्ट माझ्या आधीपासून ठाऊक होती, त्यामुळे त्यांच्या आश्चर्याचे मला जास्त आश्चर्य वाटते.

थरारकथेचा वाचक हुशार असतो, असे मला वाटत नाही. तो आधीच सावध केलेला असतो. या घरात काहीतरी दडलेले आहे, हे त्याला मलपृष्ठावर सांगितलेले असते, म्हणून सासूने चहात साखर जरा जास्त घातली तरी तो तिच्याकडे संशयाने पाहतो. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकात रोज संध्याकाळी घरातला दिवा मंदावतो, कारण नवरा वरच्या बंद मजल्यावर दिवा लावून, खून झालेल्या बाईची माणके शोधत असतो. बायकोला जे दिसते ते खरे असते. फक्त तो तिला ते खरे मानू देत नाही. माझ्या घरात कोणताही दिवा मंदावत नव्हता. कोणाला माझे काही लुबाडायचे नव्हते, कोणी मला वेडी ठरवत नव्हते, आणि ज्यांनी माझ्यापासून हे लपवले त्यांनीच माझ्या तापात रात्री जागवल्या होत्या.

पण खुणा असतीलच की, असे तुम्ही म्हणता. होत्या. गडहिंग्लजकडची एक मावशी दर चैत्रात जोतिबाच्या यात्रेला येई, माझ्यासाठीच कापड आणी आणि कितीही आग्रह केला तरी मुक्कामाला राहत नसे. मी पोटात असतानाची एकही आठवण आईने कधी सांगितली नव्हती. आता हे वाचताना तुम्ही मान डोलावत असाल. पण त्याच घरात माळ्यावर एक कुलूपबंद ट्रंक होती, जिला हात लावायची आम्हाला बंदी होती. ती उघडली तेव्हा आत विजेच्या जुन्या बिलांच्या पावत्या निघाल्या. आई आणि आत्या एका नथीवरून कित्येक वर्षे बोलत नव्हत्या. वडील रंकाळ्यावर फिरायला जायचे नाव काढले की चिडत, आणि त्याचे कारण ते जाईपर्यंत कोणाला कळले नाही. शंका घ्यायचीच तर यांतल्या कशाची घ्यायची होती? शेवट कळल्यावर खुणा वेगळ्या काढणे सोपे असते, आणि तुम्ही सगळे मला शेवटाकडून वाचत आहात.

वडील गेल्यावर शिवाजी पेठेतल्या घराच्या मिळकत पत्रिकेवर वारस लावण्यासाठी मी अर्ज केला, तेव्हा चुलतभावाने हरकत घेतली. त्या हरकतीत लिहिले होते की अर्जदार ही मयताची औरस संतती नसून तिचे कोणतेही नोंदणीकृत दत्तकपत्र अस्तित्वात नाही. माझा जन्म मला अशा रीतीने, शिक्का मारलेल्या कागदावर, तृतीयपुरुषी भाषेत कळला. मी घरी आले तेव्हा आई चटणीसाठीच्या मिरच्यांची देठे काढत बसली होती. मी कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, “लिवलं व्हय त्यानं?” आणि थोड्या वेळाने, “मला वाटलं हुतं, तो तेवढं तरी करायचा न्हाई.” हे खोटे आहे असे ती म्हणेल म्हणून मी थांबले होते, पण तिने पुढची मिरची उचलली.

वकिलांनी सांगितले की घाबरण्याचे कारण नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याला दत्तहोमाचा विधी लागत नाही. मूल प्रत्यक्ष दिले गेले आणि घेतले गेले, हे मात्र लागते. नोंदणीकृत दत्तकपत्र असते, तर दत्तक कायदेशीर झाले असे न्यायालयाने गृहीत धरले असते. ते नाही, म्हणून देणे-घेणे डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार आणा. मला वाटले होते की एवढ्या वर्षांनी असे कोण सापडणार. दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या चार म्हाताऱ्या डोक्यावर पदर घेऊन वकिलांच्या खोलीत हजर झाल्या, आणि जन्मभर माझ्यासमोर ज्याचे अवाक्षर काढले नव्हते ते एकमेकींना दुरुस्त करत, घडाघडा सांगू लागल्या. मावशी कोणत्या रंगाच्या लुगड्यात आली होती. तिने मला आईच्या ओटीत घातले तेव्हा दारात कोण उभे होते. वडिलांनी महाद्वार रोडवरून आणलेले टोपडे मला मोठे झाले आणि डोळ्यांवर आले. एकीला पेढे आठवत होते, दुसरीच्या मते ती साखर होती, आणि त्यावर त्यांचा थोडा वादही झाला. मग सर्वांत थोरली म्हणाली की मावशी जेवलीच नाही, संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेली, आणि पुढे दूध दाटून तिला ताप भरला होता, असा निरोप आला. टंकलेखकाने हात थांबवून वकिलांकडे पाहिले. “हे घ्यायची आवश्यकता नाही,” वकील म्हणाले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

ती मावशी तोपर्यंत वारली होती. तिच्या रक्षाविसर्जनाला मी गेले होते, भाची म्हणून, बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहिले होते.

महाभारतात कर्णाचे जन्मरहस्य युद्धानंतर कळल्यावर युधिष्ठिराने समस्त स्त्रियांना शाप दिला, की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. आमच्या गल्लीवर तो शाप चाललेला दिसत नाही. त्या चौघींतली एक मला लहानपणी नेहमी म्हणायची, “अगदी बापावर गेलीस.” प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवून ती बाहेर आली तेव्हा मी तिला ते वाक्य आठवून दिले. ती जराही ओशाळली नाही. “चालण्यात गेलीसच की,” म्हणाली. मी यावर खूप विचार केला आहे. कथेत खोटे बोलणारा एक असतो आणि बाकीचे फसतात. इथे सगळी गल्ली जाणत होती आणि तरी खोटे बोलल्याचे एकीवरही शाबित करता येत नाही.

हरकत निकालात निघाली, घर आमच्या नावावर झाले, चुलतभाऊ आता लग्नकार्यात भेटतो आणि बोलतो. या शहरात माझे सांत्वन करणाराला उदाहरण शोधावे लागत नाही: “अहो, शाहू महाराजसुद्धा दत्तकच होते!” होते. पण कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक गेले ते साऱ्या संस्थानाच्या देखत. ते दहाव्या वर्षात होते, आपण कोणाचे आणि कुठे आलो हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांचे सख्खे भाऊ बापूसाहेब घाटगे पुढेही त्यांच्याजवळ राहिले. माझी तक्रार दत्तक जाण्याबद्दल कधीच नव्हती, आणि हे उदाहरण देणारे नेमके माझ्याच बाजूचा पुरावा मला देतात.

त्या वर्षी मी आईशी कामापुरते बोलत होते. मुलाला कळू लागताच सत्य सांगितले पाहिजे, असे मी तेव्हा प्रत्येकाला ठणकावत असे, आणि तत्त्व म्हणून ते मला आजही मान्य आहे. पण ते तत्त्व मी स्वतःला लावून पाहते तेव्हा अडखळते. दहा वर्षांच्या मला ते सांगितले असते, तर मी मावशीच्या मागे यात्रेच्या गर्दीत धावले असते, की तिच्यासमोर यायचेच बंद केले असते? तेव्हाची मी म्हणते, ते ठरवण्याचा हक्क माझा होता. आताच्या मला तो हक्क हवा आहे, पण त्या दोन्ही बायकांना त्याची किंमत काय पडली असती, याचा हिशेब करता येत नाही.

आईला मी एकदा सरळ विचारले, “कधी सांगणार होतीस?” ती म्हणाली, “तू इचारलं असतंस तर सांगितलं असतं.” ज्याची कल्पनाच नाही ते माणूस विचारणार कसे, हे मी तिला परोपरीने समजावले. तिला ते पटत नाही. लपवायचे असते तर आपण मावशीला दर चैत्रात घरी बोलावलेच नसते, असे तिचे म्हणणे आहे, आणि याला मला अजून उत्तर सापडलेले नाही.