आमची वाटचाल : हळदीची पट्टी आणि एरर ५

२००७ ला सांगलीत अडतीच्या (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकणाऱ्या) पेढ्यांसाठी सॉफ्टवेअर विकायला सुरू केलं. गणपती पेठेत एक खोली, दोन खुर्च्या आणि जुना एप्सन एलएक्स ३०० प्रिंटर, जो पट्टी (शेतकऱ्याला द्यायचं विक्रीचं बिल) छापताना एवढा ओरडायचा की फोनवर बोलता यायचं नाही. अडतीचं सॉफ्टवेअर विकणं काय असतं ते हमाली-तोलाईत दहा पैसे चुकले म्हणून ज्याने यार्डात शिव्या खाल्ल्यात त्यालाच कळेल. पार्टनर होता, दोन वर्षांनी पुण्याला नोकरीला गेला, माणूस चांगला होता, जाऊ दे. मग जीएसटीला जरा पळापळ झाली, बाकी दहा-बारा वर्षं नीट गेली.

सांगायचंय ते ऑगस्ट २०१९ च्या पुराचं. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि हरभट रोडवरच्या आमच्या अण्णांच्या पेढीत सीपीयू टेबलावरच बुडाला. अण्णा म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक, हळद आणि बेदाणा दोन्ही. नशीब, मुनीमजी रोजचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घेऊन विश्रामबागला घरी न्यायचे.

पाणी ओसरल्यावर नवीन लॅपटॉपवर एसक्यूएल एक्सप्रेस (आमचा डेटा ज्यात राहतो तो डेटाबेस) टाकलं, डिस्क लावली, रिस्टोअर दिलं, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत भरायला लावला. ऑपरेटिंग सिस्टीम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड, म्हणजे फाईल उघडायची परवानगी नाही. प्रॉपर्टीज उघडून सिक्युरिटीत बघतो तर मालकाच्या जागी नाव नाही, एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांबलचक आकडा. म्हणजे बुडालेल्या पीसीवरचा युजर. त्या फोल्डरला फक्त मुनीमजींच्या युजरची परवानगी ठेवायची अक्कल माझीच. ओनरशिप (फाईलची मालकी) माझ्या नावावर घेतली, फाईल डेस्कटॉपवर आणली, परत एरर ५. आता फाईल मला उघड दिसतीय, साईज बरोबर आहे, मग अडतंय कुठं?

तेवढ्यात दुसऱ्या एका सॉफ्टवेअरवाल्याचा माणूस पेढीत येऊन सांगून गेला, तुमचा बॅकअप करप्ट आहे, डेटा गेला, आमचं घ्या, पहिलं वर्ष फुकट. नाव घेत नाही. पण त्या आठवड्यात माझी सात गिऱ्हाइकं असंच सांगून फिरवली आणि एकाचीही फाईल उघडून बघितली नाही, हे अजून डोक्यातून जात नाही.

करप्ट काही नव्हतं. रिस्टोअर करताना फाईल मी वाचत नाही, एसक्यूएलची सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) वाचते, आणि ती एनटी सर्व्हिस नावाच्या तिच्या वेगळ्या अकाउंटवर चालते. माझ्या डेस्कटॉपवर तिला कोण येऊ देणार? हे रात्री दीडला सुचलं, मग फाईल कट करून एसक्यूएलच्याच बॅकअप फोल्डरमध्ये पेस्ट केली, तरी एरर ५! लॅपटॉप फेकणार होतो. एकाच ड्राईव्हवर कट-पेस्ट केलं की फाईल जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी केली की ती त्या फोल्डरमधली नवी फाईल होते आणि तिथल्या परवानग्या लागतात. कॉपी केली. मग जुना डी ड्राईव्ह नव्या लॅपटॉपला नाही म्हणून कुरकुर झाली, ती विथ मूव्ह (डेटा कुठल्या नव्या जागी ठेवायचा ते सांगणारा पर्याय) देऊन मिटवली, आणि सरसर १०० परसेंट.

नवीन पोरांना सांगतो, वैतागून एव्हरीवनला फुल कंट्रोल (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन मोकळं होऊ नका, त्या सर्व्हिसच्या अकाउंटला फक्त त्या फोल्डरवर रीड (वाचायची परवानगी) द्या, काम होतं. बॅकअप महिन्यातनं एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. आणि यूपीएसची बॅटरी स्वस्तातली घेऊ नका.

सकाळी अण्णांसमोर खातेवही उघडली. त्यांनी पहिलं एका शेतकऱ्याची बाकी बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आहे की रं सगळं. तो गडी तर गेलं म्हणत होता."

सातातले दोघं परत आले. २०२१ ला पाणी चढायला लागलं तेव्हा अण्णांचा आदल्या संध्याकाळीच फोन, "सीपीयू माळ्यावर नेलाय बघ." मॉनिटर मात्र खालीच राहिला होता.