कुठलं मुसळ?

राग त्या बोलण्याचा नाही, असं स्वतःला सांगून झालंय. वहिनी म्हणाली, "ताई, आधी आपलं मुसळ बघा," आणि अख्खं महिला मंडळ हसलं. हसू दे. पण कुठलं मुसळ?

मी तिला बोलले होते तेही फार काही नव्हतं. प्रार्थनेच्या निमित्ताने लोकांच्या घरातल्या भानगडी मांडू नयेत, एवढंच. "अमकीच्या सुनेसाठी प्रार्थना करू या" म्हणायचं आणि सुनेचं सगळं सांगून मोकळं व्हायचं. तेही मी स्वयंपाकघरात, दोघीच असताना सांगितलं. बायबलात मत्तय 18 मध्ये तसंच आहे, भावाचा अपराध एकांतात दाखवावा. तिने उत्तर मात्र चारचौघींत दिलं. जाऊ दे.

रात्री मत्तय 7 उघडला. "दोष काढू नका" हे पहिलं वचन सगळ्यांना पाठ, आणि बहुतेक वेळा ते समोरच्याचं तोंड बंद करायलाच कामी येतं. पाचव्या वचनापर्यंत कोण जातंय? तिथे प्रभू म्हणतो, आधी आपलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळही काढायचंच आहे! वाचून जरा बरं वाटलं. मग वाटलं, एवढ्या रात्री चष्मा लावून मी माझ्या बाजूचं वचन शोधत बसलेय.

नाथान संदेष्टा आठवला. दावीद राजाने त्याच्या सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवलं, आणि नाथान येऊन त्याला गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद भडकतो, असं करणारा मेलाच पाहिजे म्हणतो. तो माणूस तूच, नाथान म्हणतो. (घरून निघताना नाथानाने स्वतःचं मुसळ तपासलं होतं की नाही, ते 2 शमुवेलाच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.) दाविदाला निदान नेमकं सांगणारा भेटला. मला नुसतं "मुसळ".

क्वायरचं असेल? तेव्हा कोणीतरी बोलायलाच हवं होतं. आईच्या आजारपणातलं? ते तिला कोणी... नको. नाताळच्या करंज्यांपासून कबरस्तानातल्या फुलांपर्यंत सगळं करायचं मी, आणि मुसळही माझ्याच डोळ्यात.

सगळ्या हसल्या म्हणजे सगळ्यांना माहीत असणार. तेच खुपतंय. लहानपणी डोळ्यात काही गेलं की आई पापणी उलटून पदराच्या टोकाने काढायची. आपलं आपल्याला कधी निघालं नाही, चोळून चोळून डोळा लाल व्हायचा नुसता. प्रभू म्हणतो आधी तू काढ. कसं, ते नाही सांगितलं.

म्हणजे वहिनीलाच विचारायला हवं. ती नियमाने गेली तर आधी तिला तिचं काढावं लागेल, आणि ते कुठलं हे तिला मला विचारावं लागेल. दोघी बसू एकमेकींच्या पापण्या धरून. एकटीच हसले.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, हे प्रेषित पौलाचं वचन पाळकसाहेब वाचतीलच, मग ती मिनिटभराची शांतता. एका मिनिटात माझं होणार नाही. शनिवारी भाऊ दुकानात असताना तिच्याकडे जाऊन येते. खायला काही नेणार नाही. उगाच तिला वाटेल, मी नमतं घेतलं.