ताईच्या खुर्चीखालचे ठोकळे

ताई लेस्टरला एकटीच राहते. गेल्या आठवड्यात खुब्याचा सांधा बदलला, काल घरी सोडलं. मी इकडे रत्नागिरीत पडवीत बसून फोनवर, कारण माजघरात रेंज येत नाही. इंग्लंडमध्ये अशा ऑपरेशननंतर माणूस पुन्हा हिंडूफिरू लागावं म्हणून घरपोच मदत ६ आठवड्यांपर्यंत मोफत मिळू शकते. ताईला हे माहीतच नव्हतं. वॉर्डात विचार, विचार म्हणून तीन दिवस मागे लागले, तेव्हा कुठे जमलं.

आज साडेपाचला, म्हणजे तिकडे दुपारी एकला, व्हिडिओवर तिची खुर्ची बघितली. चारही पायांखाली ठोकळे. खुबा काटकोनाच्या पुढे वाकता कामा नये म्हणून उंच केलेली. मदतनीस मुलगी खाली बसून तिला मोजे घालत होती.

"परक्या पोरीकडून पायाला हात लावून घ्यायचा गो?" ताईचे डोळे भरले.

म्हटलं, आईची वेणी शेवटी शेजारच्या काकूच घालायच्या ना? त्या कुठे आपल्या रक्ताच्या होत्या?

गप्प झाली. मग त्या मुलीला मेतकुटाचा डबा दाखवला. मीच मे महिन्यात पाठवलेला.

इकडे पावसाची सर आली. फोन पदराखाली धरून ताईचा मऊभात संपेपर्यंत तशीच बसले.