१२ वाजून ७ मिनिटांनी येणारा राक्षस

आज पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ हे किशोरांसाठीचं पुस्तक एका बैठकीत संपवलं. अजून घशात आवंढा आहे.

तेरा वर्षांचा कॉनर. आईला कॅन्सर. रात्री १२:०७ला घरामागच्या टेकडीवरचं यूचं (yew, एक सदाहरित वृक्ष) झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतं. तो तीन गोष्टी सांगणार, चौथी कॉनरने सांगायची आणि ती खरी हवी. पोराला राक्षसाचं भय नाहीच, भय आहे त्या चौथ्या गोष्टीचं. (यूपासून कॅन्सरवरची औषधं खरंच बनतात!)

मूळ कल्पना लेखिका शिवॉन डाउडची. २००७मध्ये ती स्वतः कॅन्सरने गेली, पुस्तक लिहायचं राहून गेलं. नेसने ते लिहिलं, २०११मध्ये आलं. जिम केची काळी-करडी चित्रं तर अंगावर येतात.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की आठवी-नववीतल्या मुलाला सांगतात, ‘तू आता मोठा झालास, आईला सांभाळ.’ त्याचा राग, त्याची भीती कोण विचारतं? म्हणून ‘मुलांना असलं काळोखं वाचायला देऊ नका’ हे मला अजिबात पटत नाही. त्यांनाच द्यायला हवं.

मराठीत किशोरांसाठी असं काही वाचलं असेल तर नक्की सांगा. मला हवंय.