‘हे कशावरून?’ : पत्रकारितेत एम.ए. करताना

वर्तमानपत्राच्या डेस्कवर काही वर्षं काढल्यावर मी पत्रकारिता आणि माध्यम अभ्यास या विषयात एम.ए. करायचं ठरवलं, तेव्हा सहकाऱ्यांनी विचारलं, “आता शिकून काय करणार?” प्रश्न रास्त होता. कॉपी सुधारायला, मथळा द्यायला, पान वेळेत सोडायला मला येत होतं, आणि पदवीमुळे कोणाला बढती मिळालेली मी तरी पाहिली नव्हती. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. रोज संध्याकाळी ढीगभर बातम्यांतून मी मोजक्या उचलायचे आणि बाकीच्या मारायचे. ही का घेतली आणि ती का नाही, असं कोणी खोदून विचारलं असतं तर “बातमी आहे म्हणून” यापलीकडे मला काही सांगता आलं नसतं.

अर्ज करण्याआधी मी अभ्यासक्रमाची विषयपत्रिका नीट वाचली. पदवीचं नाव सारखं असलं तरी आत दोन वेगळ्या परंपरा असतात. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेची शाळा काढली आणि पहिल्यापासून विद्यार्थ्यांकडून खरंखुरं वर्तमानपत्र काढून घेतलं. ही एक परंपरा, हातानं काम करून शिकण्याची. दुसरी आली ती समाजशास्त्र आणि मानसशास्त्राकडून. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एका काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) मतदारांशी काही महिने पुन्हापुन्हा बोलून पाहिलं. मतं ठरवण्यात वर्तमानपत्र आणि रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचाच वाटा मोठा निघाला. पहिल्या परंपरेला बातमीदार घडवायचा असतो; दुसरीला बातमी छापल्यानंतर तिचं पुढे काय होतं ते शोधायचं असतं. माझ्या अभ्यासक्रमाचं पारडं दुसरीकडे झुकलेलं होतं, आणि मला तेच हवं होतं. ज्याला कॅमेरा आणि संपादन शिकायचंय त्याला अशा ठिकाणी दुसऱ्याच महिन्यात वैताग येतो. आमच्या वर्गात तसे बरेच जण होते.

उद्देशपत्राच्या पहिल्या खर्ड्यात ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ आणि ‘समाजाचा आरसा’ दोन्ही अवतरले होते. ते खोडले आणि वर सांगितलेला निवडीचा प्रश्नच लिहिला. मुलाखतीत सगळी चर्चा त्यावरच झाली.

सिद्धान्तांच्या पेपरची मला धास्ती होती. ती गेली डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकी संशोधकाच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासामुळे. एका लहान शहरातल्या वर्तमानपत्रात वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या बातम्यांमधून निवड करणाऱ्या संपादकाला त्यांनी गाठलं. त्याने एक आठवडा न घेतलेली प्रत्येक बातमी जपून ठेवायची आणि तिच्यावर नाकारण्याचं कारण लिहायचं, असं ठरलं. आलेल्या मजकुरापैकी जवळजवळ नऊ दशांश मजकूर बाद झाला होता. कारणांत ‘जागा नाही’ हे पुष्कळदा, आणि बाकी त्या माणसाच्या सरळसरळ आवडीनिवडी. त्यातली निम्मी कारणं मी स्वतः शिफ्टमध्ये बोललेली होते.

अजेंडा सेटिंग, म्हणजे लोकांना कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमं ठरवतात ही कल्पना. हा शब्द तर भाषणांतून इतका ऐकला होता की मूळ लेख वाचायची गरज आहे असंच कोणाला वाटत नाही. मॅककोम्ब्ज आणि शॉ या अमेरिकी संशोधकांचा १९७२ साली छापून आलेला तो लेख मात्र फार सांभाळून लिहिलेला आहे. १९६८ ची अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक, चॅपल हिल हे तिथलं एक गाव, आणि मत कोणाला द्यायचं हे न ठरलेले १०० मतदार. माध्यमांत ज्या मुद्द्यांना महत्त्व होतं तेच मुद्दे या लोकांनाही महत्त्वाचे वाटत होते, हे त्यात दिसलं. आता कोणी कोणामुळे? माध्यमांनी लोकांना दिशा दिली, की लोकांचा कल पाहून माध्यमांनी बातम्या दिल्या? याचं उत्तर त्या आकड्यांत नव्हतं, म्हणून १९७२ च्या निवडणुकीत त्यांनी शार्लट या शहरात त्याच माणसांशी वेगवेगळ्या वेळी बोलून पुन्हा अभ्यास केला. व्यासपीठावरून ‘माध्यमं अजेंडा ठरवतात’ असं ठोकून देणाऱ्यांनी ही दुसरी पायरी वाचलेली नसते, असं माझं मत झालं आहे.

संशोधन पद्धती हा पेपर सगळे कसाबसा काढतात. पुढच्या डिझर्टेशनचा (शोधप्रबंधाचा) सगळा भार मात्र त्याच्यावरच असतो. माझा विषय होता पाणीटंचाईच्या बातम्या. गाईड मॅडमनी पहिल्याच बैठकीत थांबवलं. “हा विषय झाला. तुमचा प्रश्न काय?” टंचाईच्या बातमीत बोलतं कोण, अधिकारी, नेते, तज्ज्ञ, की ज्यांच्या नळाला पाणी नाही ते लोक? एवढं एक वाक्य ठरायला बराच काळ गेला. तोवर मी वाचलेलं बरंचसं नंतर उपयोगी पडलं नाही.

दोन वर्तमानपत्रं आणि एक वर्ष ठरलं. सगळे अंक वाचणं एकट्याला शक्य नव्हतं, म्हणून ‘रचित आठवडा’ ही पद्धत वापरली. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस जुळवायचे. सलग सात दिवस घेतले तर त्या आठवड्यातली एखादी मोठी घटना सगळा नमुना गिळून टाकते. शिवाय प्रत्येक वाराचं पान वेगळं असतं: सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयांकडून आलेलं काही नसतं, रविवारी लेखांची गर्दी. हे डेस्कवरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. १९९३ साली रिफ, ऑस्ट आणि लेसी या संशोधकांनी तपासून दाखवलं की दैनिकाच्या वर्षभराच्या अंदाजासाठी असे दोन आठवडे पुरतात. मी थोडे जास्त घेतले.

खरं काम सुरू झालं ते कोडिंगपासून. बातमीत बोलणाऱ्या प्रत्येक स्रोताला एका खान्यात टाकायचं. ऐकायला सोपं आहे. पाणीपुरवठा खात्यातला कर्मचारी स्वतःच्या घरच्या कोरड्या नळाबद्दल बोलतो. तो अधिकारी की नागरिक? ‘सूत्रांनी सांगितले’ कुठे टाकायचं? आणि ‘असे समजते’, ‘असे बोलले जाते’ यांत तर स्रोतच नाही. ही वाक्यं मी वर्षानुवर्षं बिनदिक्कत पुढे सोडली होती. आता प्रत्येकासाठी व्याख्या लिहावी लागली, आणि या व्याख्यांची वही, म्हणजे कोडबुक, फुगत गेलं.

नियम असा की काही बातम्या दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे कोड करायच्या आणि दोघांचं किती जुळतं ते पाहायचं. माझ्या वर्गमैत्रिणीने ते काम केलं. नुसती टक्केवारी पाहिली तर छान जुळत होतं, पण तिथेच फसायला होतं. बहुतेक स्रोत अधिकारीच असतील, तर दोघांनी डोळे झाकून सगळीकडे ‘अधिकारी’ लिहिलं तरी भरपूर जुळेल! म्हणून योगायोगाने जुळण्याचा भाग वजा करणारी मापं वापरतात: कोहेन यांचा कप्पा, क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा. अल्फा ०.८० च्या वर असेल तर निष्कर्षावर विसंबावं, ०.६६७ पर्यंत जपून बोलावं, त्याखाली काही बोलू नये, असा संकेत आहे. तज्ज्ञांचा खाना वारंवार या मर्यादेच्या खाली पडत होता, कारण निवृत्त अभियंत्याला ती तज्ज्ञ म्हणायची आणि मी माजी अधिकारी. व्याख्या बदला, नव्या बातम्यांवर पुन्हा जुळवून पाहा, असं चालू राहिलं. कंटाळवाणं होतं, पण संपूर्ण पदवीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच कामाने.

निष्कर्षात अधिकाऱ्यांचा आवाज वरचढ निघेल हे अपेक्षितच होतं. मला न सुचलेली गोष्ट मैत्रिणीने दाखवली: टंचाईग्रस्त माणसं पानावर होती, पण फोटोत. रिकाम्या भांड्यांच्या रांगेत. मजकुरात त्यांचं एक वाक्यही नसायचं. मग फोटोओळींसाठी वेगळा खाना करून सगळे अंक पुन्हा काढले.

सोबत काही बातमीदारांच्या मुलाखती घेतल्या, आणि तिथे जुन्या सवयी उलट्या पडल्या. बातमीत नाव नसेल तर वजन नसतं. संशोधनात नाव झाकणं हीच जबाबदारी. आधी संमतिपत्रावर सही, कधीही माघार घेण्याची मुभा, आणि ओळख पटेल असा तपशील गाळायचा. एकाने सांगितलेला किस्सा असा होता की बातमीत मी तो इंट्रोला, म्हणजे सुरुवातीलाच, घेतला असता. पण तो कोणाचा आहे हे त्याच्या ऑफिसात लगेच कळलं असतं, म्हणून गाळला. अजून हळहळ वाटते.

लिहिताना डेडलाइनची सवय उपयोगी पडली, भाषा नाही. बातमीत पहिल्या परिच्छेदात निकाल लागतो. इथे आधी दुसऱ्यांनी काय म्हटलंय ते, मग पद्धत, मग कुठे आपलं थोडं बोलायचं. मॅडम समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहायच्या: ‘हे कशावरून?’ ‘वाचकांना असं वाटतं’ या वाक्याला हमखास. मी वाचकांना विचारलंच नव्हतं, मी अंक वाचले होते. ते सगळं काढल्यावर एक प्रकरण अर्ध्यावर आलं.

व्हायवा (तोंडी परीक्षा) थोडक्यात आटोपली. बाहेरच्या परीक्षकांनी एकच अवघड प्रश्न विचारला: लोक मोबाइलवर बातम्या वाचत असताना छापील अंक का? मी म्हटलं, छापलेला अंक बदलत नाही. संकेतस्थळावरचा मथळा दिवसभरात अनेकदा बदलतो, आणि आधीचा कोणी जपून ठेवलेला नसतो. मग नमुना घ्यायचा कशाचा? त्यांनी ‘हे मर्यादांच्या प्रकरणात लिहा’ असं सांगितलं. ते घालूनच प्रत बांधणीला दिली.

पुढच्या तुकडीतल्या एका मुलीने माझं कोडबुक मागून नेलं. रुग्णालयांच्या बातम्यांसाठी वापरलं आणि दोन व्याख्या बदलून मला परत पाठवलं. निवृत्त अधिकाऱ्याबद्दलची तिची व्याख्या माझ्यापेक्षा चांगली आहे. ‘सूत्रां’बद्दलची मला पटलेली नाही, आमचा वाद चालू आहे.