पॉवर ॲम्पला हवा तसा प्रीॲम्प

अमळनेर, शुक्रवार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून आठवडा आहे.

ट्यूबचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा, प्रीॲम्प्लिफायर (प्लेयर आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प यांच्या मध्ये बसणारे, आवाजाची पातळी ठरवणारे यंत्र) घ्यायचा हे दिवाळीतच ठरले होते. कोणता घ्यायचा, हे आज ठरले. शौकीन मंडळींत चर्चा होते ती व्हॉल्व्हच्या नावांची. १२एएक्स७ बरा की १२एयू७, की जुना आठ पायांचा ६एसएन७, आणि त्यांतला कोणाचा आवाज ‘गोड’, यावर रात्र सरते. धुळ्याच्या एका नानांनी उभी हयात रेडिओदुरुस्तीत घालवली आहे. त्यांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तुन्हा ॲम्प काय मांगस ते पहिले दख, मंग वाल्व्ह दख.” (तुझा ॲम्प काय मागतो ते आधी बघ, मग व्हॉल्व्ह बघ.) आज कागद घेऊन तेच पाहिले.

माझा सीडी प्लेयर जास्तीत जास्त २ व्होल्ट देतो, आणि ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प १ व्होल्टलाच पूर्ण ताकदीने वाजतो. म्हणजे वर्धनाची गरज जवळजवळ नाहीच, उलट सिग्नल कमीच करावा लागतो. १२एएक्स७ चा वर्धनांक, म्हणजे सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा, १०० आहे, आणि प्रत्यक्ष सर्किटमध्ये त्याची एक पायरी सहज पन्नास-साठ पट वाढ करते. चोपड्याच्या मित्राकडून असा एक प्रीॲम्प ऐकण्यापुरता आणला होता. त्याचे व्हॉल्यूमचे बटण जेमतेम हलवले की खोली भरून जाई, आणि रात्रीच्या हळू आवाजात तर ते अगदी तळाशीच ठेवावे लागे. तळाशी पोटेन्शिओमीटरचे (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागाचे) डावा-उजवा असे दोन ट्रॅक एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे विलंबित ख्याल चालू असताना गायक मधोमध न बसता डाव्या स्पीकरकडे सरकलेला वाटे, आणि बटण थोडे वर नेले की पुन्हा मध्ये येई. ट्वीटरला (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) कान लावला तर संगीत बंद असतानाही सुसकारा ऐकू येत होता. व्हॉल्व्ह चांगला होता, पण या ठिकाणी तो बसत नव्हता.

दुसरा मुद्दा इंपीडन्सचा, म्हणजे सिग्नलच्या वाटेतल्या विद्युत अडथळ्याचा, आणि माझ्या मते निवड खरी तिथेच ठरते. माझ्या पॉवर ॲम्पचा इनपुट इंपीडन्स १० किलोओहम आहे. ट्यूबच्या उपकरणांच्या मानाने हा फारच कमी. देणाऱ्याचा इंपीडन्स घेणाऱ्याच्या एक दशांशाहून जास्त नसावा, हा जुना ठोकताळा धरला तर प्रीॲम्पचा आउटपुट इंपीडन्स १ किलोओहमच्या आत हवा. १२एएक्स७ च्या ॲनोडवरून (व्हॉल्व्हच्या नेहमीच्या आउटपुट टोकावरून) थेट घेतलेला आउटपुट काही दहा किलोओहमांच्या घरात जातो, तिथे निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच जिरेल. शिवाय आउटपुटला जो कपॅसिटर असतो, तो आणि पॉवर ॲम्पचा इनपुट मिळून खर्जाला चाळणी लावतात. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओहमवर ३४ हर्ट्झपाशी ३ डेसिबल खातो, तोच २.२ मायक्रोफॅरडचा असेल तर ही मर्यादा ७ हर्ट्झपर्यंत खाली उतरते. डग्ग्याचा घुमारा हवा असेल तर विक्रेत्याला व्हॉल्व्हचे नाव विचारण्याआधी हा कपॅसिटर विचारावा.

मग व्हॉल्व्ह तरी कशाला, नुसते पोटेन्शिओमीटर का नको, असेही मनात आले. पण ५० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर एका विशिष्ट स्थितीत स्वतःच साडेबारा किलोओहमचा इंपीडन्स दाखवते, आणि तो १० किलोओहमपुढे परवडणारा नाही. म्हणून मध्ये बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता फक्त आउटपुट इंपीडन्स उतरवणारी पायरी, हवाच. कॅथोड फॉलोअर पद्धतीने, म्हणजे आउटपुट ॲनोडऐवजी कॅथोडवरून घेऊन, लावलेला १२एयू७ हे काम उत्तम करतो: वर्धन एकाहून किंचित कमी आणि आउटपुट इंपीडन्स पाच-सहाशे ओहमच्या आसपास. अशा जोडणीत व्हॉल्व्हचा प्रसिद्ध ‘रंग’ फारसा उरत नाही, हे मला ठाऊक आहे. साध्या ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हच्या) पायरीतून मुख्यतः दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला जोडीदार, आणि तो कानाला बोचत नाही. पण तानपुऱ्याच्या जवारीत हार्मोनिक्सची मुळातच एवढी गर्दी असते की त्यात यंत्राने भर घालावी, असे मला वाटत नाही. ज्याला तो रंग हवा, त्याने वर्धन देणारी पायरी खुशाल घ्यावी, मात्र पुढे रेझिस्टर लावून पातळी उतरवून घ्यावी.

उरला आमच्या भागाचा प्रश्न. रब्बीत शेतातले पंप चालू झाले की संध्याकाळी वीजदाब २३० वरून २०० वर येतो, आणि नियमन नसलेल्या सर्किटमध्ये व्हॉल्व्ह तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर साडेपाचवर जातो. म्हणून हीटरला नियंत्रित डीसी पुरवठा असलेलाच प्रीॲम्प घ्यायचा. त्याने ५० हर्ट्झची घरघरही आटोक्यात येते. रिले टकटक करणारा स्टॅबिलायझर मात्र या लाइनवर नको. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. तेव्हा प्रीॲम्प पॉवर ॲम्पच्या डोक्यावर न ठेवता वेगळ्या फळीवर, मागची बाजू उघडी ठेवून बसवायचा.

बनवून देणाऱ्या कारागिराला उद्या फोन करीन. १२एयू७ चा बफर, २.२ मायक्रोफॅरडचे आउटपुट कपॅसिटर, हीटरला नियंत्रित डीसी, आणि व्हॉल्यूमला स्टेप्ड ॲटेन्युएटर (ठरावीक पायऱ्यांनी आवाज कमी-जास्त करणारा, दोन्ही बाजू जुळलेला स्विच), मग त्याला हजार-दोन हजार जास्त लागले तरी चालतील. व्हॉल्व्हची एक जुळवलेली जादा जोडी आताच मागून ठेवायची. पैसे आखाजीची खरेदी उरकल्यावर पाठवीन, असे घरात कबूल केले आहे.