कपाशीची फवारणी संपली, आता एचटीपी पंप नीट ठेवा

डिसेंबर लागला की पेट्रोल इंजिनचा एचटीपी पंप, म्हणजे पिस्टननं जोरात औषध फवारणारा पंप, कोपऱ्यात जातो. मधे एखादेवेळी ट्रॅक्टर धुवायला निघतो, नाहीतर थेट मृगाच्या तोंडावर. मग दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि इंजिन लागलं तरी पंप प्रेशर धरत नाही.

परदेशी मॅन्युअलमध्ये पाणी गोठून पंपाचं हेड फुटतं, असं बजावलेलं असतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता, तरी तेवढ्यानं पाणी गोठत नाही. आपले पंप खराब होतात ते आत राहिलेल्या खारट पाण्यानं, टाकीतल्या शिळ्या पेट्रोलनं आणि चुकीच्या जागी ठेवल्यानं.

आधी पाणी. हातमोजे घालून ड्रम, होज आणि गन तीनदा धुवा. त्यातलं एक धुणं कपड्याच्या पावडरचं असू द्या. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा नाल्याकडे जाऊ देऊ नका. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याकडे, बोअरचं पाणी पंपात सुकलं की पिस्टनवर पांढरी खरखरीत पुटं बसतात. पुढच्या हंगामात पहिल्याच फेरीत ती पिस्टनभोवतीचं पॅकिंग कापतात आणि पंप गळायला लागतो. तोच क्षार प्रेशर रेग्युलेटरच्या सीटवर बसला, तर प्रेशर वर-खाली होत राहतं. म्हणून शेवटचं पाणी आरओच्या कॅनचं घ्या, १० लिटर पुरतं.

त्यानंतर बादलीत एक लिटर कूलंट आणि एक लिटर आरओचं पाणी मिसळा. सक्शन (पाणी ओढणारा) आणि ओव्हरफ्लो (जादा पाणी परत सोडणारा), दोन्ही पाइप त्यात सोडा. गनमधून रंगीत पाणी आलं की लगेच बंद करा. यानं पॅकिंग ओलसर राहतं, गंज धरत नाही. काही जण डिझेल किंवा जळकं ऑइल ओढतात. ते करू नका, काही रबरं त्यानं फुगतात. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, उरलेली बादली ढोरं, कुत्री आणि लेकरांपासून लांब ठेवा. रेग्युलेटर पूर्ण सैल करा, म्हणजे स्प्रिंग दाबात राहत नाही. गनचा खटका दाबून होजमधला दाबही सोडा.

इंजिन थंड झाल्यावर टाकी रिकामी करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, कार्बोरेटरच्या वाटीत चिकट थर बसतो आणि जेटचं बारीक भोक बुजतं. टाकी काठोकाठ भरून ठेवा, असंही कुणी सांगेल. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात ते धोक्याचं. फोर-स्ट्रोकचं काढलेलं पेट्रोल त्याच दिवशी मोटरसायकलमध्ये घाला. मग पंपाचा पट्टा काढून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या. पट्टा तसाच ठेवलात तर पंप कोरडा फिरून पॅकिंग जळतं. वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढा.

इंजिन कोमट आहे तोवर ऑइल बदला. साडेपाच एचपीच्या इंजिनाला साधारण ६०० मिली लागतं. प्लग काढून आत चमचाभर ऑइल टाका, दोरी तीन-चारदा हळू ओढा, प्लग बसवा. शेवटी दोरी जड लागेल तिथे थांबा; तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आत ओल शिरत नाही.

जागेबद्दल सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो. भाव वाढेल म्हणून घरात कापूस साठवलेला असतो आणि त्याच खोलीत पंप. टाकी रिकामी केली तरी वाफ उरते. कापसाजवळ आणि चुलीजवळ हे यंत्र ठेवूच नका. गुरांच्या कोठ्यातही नको, कारण मुताच्या वाफेतला अमोनिया पितळी हेडला तडे पाडतो. युरियाच्या गोण्यांशेजारी ओल धरते. अवजारांची खोली चांगली. तिथे दोन विटांवर पंप ठेवा, होज मोठ्या वेटोळ्यात खुंटीला टांगा आणि सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. वर गोणपाट टाका; प्लास्टिकखाली घाम सुटतो.

जूनमध्ये दोरी ओढण्याआधी एअर फिल्टरचं झाकण आणि पंख्याची जाळी उघडून बघा. उंदीर तिथे कापूस नेऊन घरटं करतो आणि पेट्रोलचा पाइपही कुरतडतो. पाइपला दातांची खूण दिसली, तर पेट्रोल भरण्याआधी तो बदला.